विदर्भातली शिलावर्तुळे आकाशातून कशी ओळखावीत

नागपूरच्या चारही बाजूंना, विशेषतः पश्चिमेच्या आणि वायव्येच्या माळांवर, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनस्थळे विखुरलेली आहेत. जमिनीवर मोठ्या दगडांचे कडे, आत दगड-मातीचा भराव आणि त्याखाली अस्थी, काळी-तांबडी भांडी, लोखंडी हत्यारे, क्वचित घोड्याचा साज असे त्यांचे स्वरूप असते. हीच शिलावर्तुळे. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ साली छापली. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले आणि सुमारे ३०० वर्तुळांची नोंद झाली. पुढे शां. भा. देव यांच्या टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड इथल्या उत्खननांतून या संस्कृतीचे चित्र बरेच स्पष्ट झाले.

तरीही नोंद न झालेली वर्तुळे आजही असू शकतात. दुसरीकडे ले-आऊट, मुरुमाच्या खाणी आणि रस्त्यांखाली ती संपत चालली आहेत. जमिनीवरून चालताना कमरेइतक्या गवतात चार दगड दिसतात, आकार दिसत नाही. वरून तोच आकार दिसतो. या कामाला संगणक, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. ड्रोन असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. वरून दिसलेले एकटे वर्तुळ काहीही सिद्ध करत नाही, कारण ग्रामीण भागात गोल गोष्टींना तोटा नाही. ते कोणत्या जमिनीवर आहे, त्याच्या आसपास तसलीच आणखी वर्तुळे आहेत का, आणि वर्षानुवर्षांच्या चित्रांत ते तिथेच राहते का, यांची उत्तरे मिळाल्यावरच त्याला ‘संभाव्य’ म्हणावे.

काय शोधायचे

बहुतेक वर्तुळांचा व्यास ८ ते २० मीटर असतो, काही याहून मोठी असतात. कडेचे दगड स्थानिक असतात. ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हा-खडकाच्या, पट्ट्यात ते काळे-करडे बेसाल्टचे, तर नागपूरच्या पूर्वेला खडक बदलतो तसा दगडही बदलतो. दगडांचे कडे एकेरी किंवा दुहेरी असते. आतला भराव भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडाच उंच असतो. अर्धा मीटर उंची नेहमीची, मीटर-दीड मीटर म्हणजे पुष्कळच. युरोपातले मातीचे उंच थडगे डोळ्यांपुढे ठेवून विदर्भात शोध घेतला तर हाती काही लागणार नाही. तिथे भोवतालच्या चराची खूण महत्त्वाची असते, इथे दगडांचे कडे आणि भरावाचा रंग.

भरावाच्या रंगामागे कारण आहे. कित्येक वर्तुळांत मुरमाड जमिनीवर बाहेरून आणलेली काळी चिकट माती भरलेली आढळते. ती ओल धरून ठेवते. म्हणून फिक्या मुरमावर गडद चकती दिसते आणि पावसाळा संपल्यावर तिच्यावरचे गवत भोवतालच्या गवतापेक्षा उशिरा वाळते. याउलट काळ्या जमिनीत नांगराने उद्ध्वस्त झालेले वर्तुळ दगड-मुरुम वर आल्यामुळे फिक्कट डागासारखे दिसते. एकाच प्रकारच्या अवशेषाच्या या दोन उलट खुणा आहेत, आणि नवख्याची गफलत बहुधा इथेच होते.

सगळी महापाषाणीय, म्हणजे मोठ्या शिळा वापरून केलेली, दफने गोल नसतात. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला शिळांच्या भिंतींवर छपराची शिळा ठेवलेल्या रचना आहेत. त्यांना इथली मापे लागू होत नाहीत.

आधी जमीन निवडा

अख्खा तालुका चाळायला बसू नये. जुन्या महसुली भाषेत नागपूरकडच्या जमिनींना काळी, मोरांड, खरडी, बरडी अशी नावे आहेत. शोध बरडी आणि खरडीवर, म्हणजे उथळ, दगड-मुरमाच्या जमिनींवर, सुरू करावा. नाल्याच्या वरच्या अंगाचे हलक्या उताराचे माळ, टेकडीच्या पायथ्याची मुरमाड पट्टी, झुडपी जंगल म्हणून नोंदलेली पडीक जमीन या जागा आधी घ्याव्यात. वर्तुळे अशा जागी सापडण्याची कारणे दोन: दगड हाताशी होता आणि पिकाची जमीन मोकळी राहिली. तिसरे कारण आपल्या काळातले. काळ्या जमिनीतली वर्तुळे असली तरी नांगराखाली मोडून गेली असतील. म्हणून बरडीवर जास्त सापडली याचा अर्थ ती फक्त तिथेच होती असा घेऊ नये.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. नागपूरच्या भोवतालचा भाग ५५ ‘के’ आणि ५५ ‘ओ’ या मालिकांत येतो. त्यांवर नाले, समोच्च रेषा, पडीक जमिनी पाहून १० चौरस किलोमीटरचा एक तुकडा निवडावा. नदीकाठी राखट-करड्या मातीचा अनियमित उंचवटा दिसला तर ती बहुधा पांढर, म्हणजे जुनी वस्ती. ती दफनाची टेकडी नव्हे, पण तिची नोंद जरूर करावी. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला वर्तुळे अशी जोडी प्रत्यक्ष आहे, त्यामुळे पांढर दिसली की जवळचे माळ आणखी बारकाईने पाहावेत.

डोळा बसवणे

अनोळखी जमिनीवर जाण्याआधी जुनापाणी आणि माहुरझरी यांची चित्रे गूगल अर्थ प्रोमध्ये उघडावीत. डेस्कटॉपवरची ही आवृत्ती मोफत आहे आणि तिच्यातली जुन्या चित्रांची सोय, म्हणजे घड्याळाचे चिन्ह, या कामाचा कणा आहे. माहीत असलेले एकच वर्तुळ उपलब्ध प्रत्येक तारखेच्या चित्रात पाहावे. कुठे ते लख्ख दिसेल, कुठे पूर्ण गायब असेल. गायब का झाले ते लिहून काढावे: गवत, ऊन डोक्यावर, चित्र अस्पष्ट, की झाडांची पाने. या सरावाला दोन-तीन तास द्यावेत. तो टाळून थेट शोधाला लागणाऱ्याला प्रत्येक झाड वर्तुळ वाटते.

उपग्रहचित्रांवर शोध

पाहण्याची उंची ५०० मीटरच्या आसपास ठेवावी. त्या उंचीवर साधारण ५८० मीटर रुंदीचा पट्टा पडद्यावर मावतो, म्हणजे १९२० पिक्सेलच्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ३० सेंटिमीटरचा. उत्तम उपग्रहचित्रांची क्षमताही ३० ते ५० सेंटिमीटरच आहे, त्यामुळे आणखी खाली उतरून नवे काही दिसत नाही, फक्त धूसरपणा वाढतो. १२ मीटरचे वर्तुळ इथे ४० पिक्सेलचे दिसते. मीटरभराचा दगड मात्र दोन-तीन ठिपक्यांचाच असतो. म्हणून एकेक दगड शोधू नये, ठिपक्यांची माळ शोधावी.

तुकड्यावर ५०० मीटरच्या चौकटी आखाव्यात. १० चौरस किलोमीटरला ४० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला निदान तीन मिनिटे द्यावीत आणि ओळीने जावे. मन मानेल तिथे भटकल्यास रिकाम्या राहिलेल्या जागा कळत नाहीत. चौकट पाहिली पण काही आढळले नाही, हीही नोंद करावी. दृश्य तिरपे झाले असेल तर इंग्रजी ‘यू’ कळ दाबून ते पुन्हा सरळ वरून घ्यावे.

तारीख कोणती निवडावी? डिसेंबर-जानेवारी आणि एप्रिल-मे अशी दोन्ही चित्रे हवीत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. हे उपग्रह बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात. नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरात त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या १.२ पट पडते. मेमध्ये सूर्य ६९ अंशांच्या आसपास जातो आणि सावली उंचीच्या ०.४ पटही भरत नाही. त्यामुळे उठाव डिसेंबर-जानेवारीत वाचावा. एप्रिल-मेमध्ये सावली नसते, पण गवत जळालेले किंवा चरलेले असते, सागाची पाने गळालेली असतात आणि उघडे दगड मुरमावर ठळक दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रे ओलीच्या खुणेसाठी ठेवावीत: भोवती पिवळे पडत असलेले गवत आणि मध्ये हिरवी चकती. जून ते सप्टेंबर ढग आणि हिरवळ यांपलीकडे फारसे काही मिळत नाही.

इथे डोळ्यांची एक फसवणूक सांगायलाच हवी. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे. आपल्याकडच्या हिवाळी चित्रांत ऊन आग्नेयेकडून, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यातून येते. परिणामी उंचवटा खड्ड्यासारखा आणि खड्डा उंचवट्यासारखा भासतो. उपाय सोपा आहे: चित्र फिरवून दक्षिण वर करावी. मग उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो आणि उठाव खरा दिसतो. शंका आली तर शेजारचे झाड किंवा विजेचा खांब पाहावा. त्याची सावली वायव्येकडे पडली असेल आणि तुमच्या आकाराची आग्नेय कड उजळ, वायव्य कड काळी असेल तर तो उंचवटा आहे.

प्रत्येक संशयिताला खूण लावून मोजपट्टीतल्या वर्तुळाच्या साधनाने व्यास घ्यावा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही व्यास मोजावेत. फरक १० टक्क्यांहून अधिक असेल तर शेरा लिहावा. वेगवेगळ्या तारखांची चित्रे एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात. खूण जागेवर नाही म्हणून वस्तू हलली असे समजू नये, आधी शेजारची विहीर किंवा घर तेवढेच सरकले आहे का ते पाहावे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रे १० मीटर पिक्सेलची आहेत. १२ मीटरचे वर्तुळ त्यांत एक-दोन ठिपक्यांत संपते. जमिनीचा वापर समजायला ती चांगली, वर्तुळ शोधायला निरुपयोगी. १९६० ते १९७२ दरम्यानची अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची कोरोना चित्रे मात्र मोलाची आहेत. १९९५ साली ती खुली झाली, आणि त्यांतल्या उत्तम चित्रांत दोन मीटरच्या आसपासचा तपशील दिसतो. वर्तुळ त्यात फार तर ठिपका किंवा कडे असेल. खरा उपयोग असा, की आज जिथे वसाहत आहे तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणता माळ होता ते कळते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आधीच स्कॅन झालेल्या फ्रेम मोफत उतरवता येतात.

फसवणारे गोल

खळे गावाजवळ किंवा शेताच्या कोपऱ्यात असते, चोपलेले, गुळगुळीत, दगडांविना, आणि सुगीनंतरच्या चित्रांत उजळ दिसते. कुटाराचा (भुशाचा) ढीग दरवर्षी जागा बदलतो. तीन तारखा पाहिल्या की उलगडा होतो. विहिरीभोवती उपसलेल्या मातीचे कडे असते, पण मध्यभागी काळे भोक आणि जवळ पाइपची किंवा पायवाटेची रेघ दिसते. मेंढ्यांच्या वाड्याचा गोल काटेरी कुंपणाचा असतो आणि आत लेंड्यांमुळे एकसारखा गडद पट्टा असतो. हाच सर्वांत अवघड, कारण तोही माळावरच असतो आणि आकारही जुळतो. मात्र त्याची कड मऊ, तुटक आणि दरसाल बदलती असते. एकट्या झाडाचा गोल त्याच्या लांब सावलीवरून ओळखू येतो, आणि उन्हाळ्यात पाने गळाली की नाहीसा होतो.

वनविभागाच्या रोपवनातले अर्धचंद्राकृती बांध आणि समतल चर ओळीत व समान अंतरावर असतात. दफनांची वर्तुळे कधी अशी रांगेत बसवलेली नसतात. ती दाटीवाटीने, लहान-मोठी, अनियमित अंतरावर असतात. शेत साफ करताना धुऱ्यावर (बांधावर) टाकलेले दगडांचे ढीग लांबट असतात आणि धुऱ्याला चिकटलेले असतात. उलट, सरळ जाणारा धुरा एखाद्या गोलाला वळसा घालून गेला असेल तर तो गोल धुऱ्याहून जुना आहे. ही खूण फार भरवशाची आहे. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि गोल धोंडे उघडे पडतात, पण ते उतारभर पसरलेले असतात, त्यांचे कडे होत नाही.

आता वर्गवारी. ‘अ’ म्हणजे दगडांचे कडे निदान तीन चतुर्थांश दिसते, व्यास मापात बसतो, किमान तीन तारखांना जागा कायम आहे आणि २०० मीटरच्या आत तसली आणखी वर्तुळे आहेत. यांपैकी एखादी गोष्ट कमी पडली तर ‘ब’. फक्त रंगाची चकती किंवा फक्त उठाव असेल तर ‘क’. ‘क’ वर्गातली खूण ‘अ’च्या घोळक्यात सापडली तर ती ‘ब’मध्ये घ्यावी. बाकी सगळ्या कसोट्यांना उतरलेले एकांडे वर्तुळ मिळाले तर आनंद होण्याआधी मेंढ्यांचा वाडा पुन्हा एकदा तपासावा.

ड्रोन असेल तर

उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते पाहावे. हिरव्या क्षेत्रातही मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची आहे. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी वेगळे नियम आहेत आणि नागपुरात हवाई दलाचे मोठे ठाणेही आहे, म्हणून अंदाजाने उडवू नये. नागपूर जिल्ह्यातील कित्येक शिलावर्तुळे केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत, जुनापाणी त्यांतलेच. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नको. इतरत्र जमीनमालकाची आणि वनजमीन असल्यास वनविभागाची परवानगी घ्यावी.

उड्डाणाची उंची ६० मीटर योग्य. ६.१७ मिलिमीटर रुंद सेन्सर, ४.५ मिलिमीटर भिंग आणि ४००० × ३००० पिक्सेलचा कॅमेरा असेल तर या उंचीवर एक पिक्सेल सुमारे २ सेंटिमीटरचा पडतो आणि एका फोटोत ८२ × ६२ मीटर जमीन येते. पुढचा-मागचा फोटो ८० टक्के आणि शेजारच्या रांगा ७० टक्के एकमेकांवर याव्यात. म्हणजे रांगांत २५ मीटर, फोटोंत १२ मीटर अंतर. ३०० × ३०० मीटरच्या माळाला १३ रांगा आणि सव्वातीनशेच्या आसपास फोटो लागतात. सेकंदाला ५ मीटर वेगाने नुसत्या रांगांनाच १३ मिनिटे जातात. वळणे आणि परतीचा प्रवास धरून दुसरी बॅटरी जवळ ठेवावी.

दोन स्वतंत्र उड्डाणे करावीत. उठावाच्या नमुन्यासाठी मार्च ते मेमध्ये, गवत नसताना. फोटोंवरून बनवलेला उंचीचा नमुना गवताची टोके मोजतो, जमीन नव्हे. ६० सेंटिमीटर गवतात ४० सेंटिमीटरचा भराव बुडून जातो. दुसरे उड्डाण सावलीच्या तिरप्या फोटोंसाठी, डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतर पाऊण ते सव्वा तासाच्या आत. तेव्हा सूर्य ९ ते १५ अंशांवर असतो. १० अंशांवर ४० सेंटिमीटरच्या दगडाची सावली सव्वादोन मीटर पडते, १५ अंशांवर दीड मीटर. याहून आधी उडवले तर झुडपांच्या सावल्या सगळे झाकून टाकतात.

फोटो वेबओडीएम या फोटो जोडणाऱ्या प्रणालीत जोडून उंचीचा नमुना क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत उघडावा. छायांकनात, म्हणजे नमुन्यावर कृत्रिम उजेड टाकून पाहण्याच्या सोयीत, उजेडाचा कोन मुळात ४५ अंश असतो. तो १५ ते २० अंशांवर आणावा, उंची तीन ते पाच पट वाढवावी आणि उजेडाची दिशा बदलून चार वेळा पाहावे, कारण एका दिशेत लपलेले कडे दुसऱ्या दिशेत उघडे होते. मग नमुन्याची ३० ते ४० मीटर पल्ल्याने सरासरी काढून ती मूळ नमुन्यातून वजा करावी. माळाचा उतार निघून जातो आणि वर्तुळे तेवढी उरतात. सगळा माळच घुमटासारखा फुगलेला दिसला तर तो जोडणीचा दोष आहे. कॅमेरा सतत सरळ खाली ठेवल्याने तो येतो. दोन जास्तीच्या रांगा २० ते ३० अंश तिरप्या घ्याव्यात आणि चार कोपऱ्यांत व मध्ये मिळून जमिनीवर पाच खुणा नेमके स्थान मोजून ठेवाव्यात.

जागेवर

‘अ’ आणि ‘ब’ वर्ग पायी तपासल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. प्रत्येक वर्तुळासाठी पुढील नोंद करावी:

- अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटरपर्यंत नेमके
- मौजा आणि गट क्रमांक. हे महाभूनकाशा या राज्याच्या भूमी-नकाशांच्या संकेतस्थळावर मिळतात
- टेपने मोजलेले दोन्ही व्यास, मध्यभागाची उंची
- उभे, पडलेले आणि हललेले दगड वेगवेगळे मोजून, दगडाची जात
- दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत का. जुनापाणीच्या दगडांवर ते आहेत
- भरावाचा रंग, वरचे गवत, नुकसान आणि धोका: नांगर, खाण, रस्ता, खोदलेला खड्डा
- मोजपट्टीसह चारही दिशांचे फोटो

मधोमध नुकताच खणलेला खड्डा गुप्तधनाच्या हव्यासाचा असतो. त्याचा फोटो त्याच दिवशी तारखेसह घ्यावा. स्वतः मात्र काठीनेही उकरू नये आणि खापराचा तुकडाही उचलू नये; जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली. सगळ्याच वर्तुळांत अस्थी मिळत नाहीत, त्यामुळे उत्खनन होईपर्यंत नोंदीत ‘संभाव्य दफन’ एवढेच लिहावे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खाणकामाला मनाई असते, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. म्हणून संरक्षित वर्तुळाजवळ खाण दिसली तर हद्दीपासूनचे अंतर मोजूनच तक्रार करावी.

यादी केएमएल फाइल (गूगल अर्थमधल्या खुणांची), तक्ता आणि फोटो अशा तीन भागांत तयार करून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांना द्यावी. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनाही प्रत पाठवावी. समाजमाध्यमांवर फोटो टाकायचा असेल तर त्यातली जागेची माहिती आधी पुसावी, ओळखू येणारी टेकडी किंवा रस्ता चौकटीबाहेर ठेवावा आणि गावाऐवजी तालुक्याचे नाव लिहावे.